पोपटाचं चौथं बोट

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विचारणारं कुणी नव्हतं, त्यामुळे टाळणं सोपंही गेलं.

हैदराबादच्या एका संग्रहालयात मी पक्षी विभागाच्या नोंदी ठेवायचो. तिथे तारनाक्याहून रेल्वेतले एक निवृत्त बाबू यायचे, बिनपगारी. लाकडात पक्षी कोरायला ते स्वतःच शिकले होते. अंधशाळेच्या मुलांना काचेआडचा पक्षी काय कळणार, म्हणून त्यांनी हात लावून पाहायला एक पोपट केला.

आमच्याकडे समितीशिवाय काहीच खरं ठरत नसे. संचालक, दोन अधिकारी, समोसे आणि मी असे बसलो. शेजारी काचपेटीतला पेंढा भरलेला पोपट ठेवला. त्याला एकच पाय उरला होता, पण तो सरकारी पाय होता : तीन बोटं पुढे, एक मागे. लाकडी पोपटाची मात्र दोन पुढे, दोन मागे.

"साहेब, पोपटाची दोन-दोनच असतात," बाबू म्हणाले. "माझ्या पेरूवर रोज येतात. चला, दाखवतो."

"तुमचा पेरू आमच्या रजिस्टरात नाही," संचालक म्हणाले. सगळे हसले.

मी समोसा उचलला. पेंढ्याच्या पोपटाचं मागचं एक बोट धूळ झाडताना माझ्याच हातून तुटलं होतं. कुणी यायच्या आत घाईघाईने मी ते सरसाने पुढच्या बाजूला चिकटवलं होतं आणि रजिस्टरात लिहिलं होतं, 'स्थिती उत्तम'.

बाबूंनी पाय समितीच्या म्हणण्याप्रमाणे, तीन पुढे एक मागे असे, नव्याने कोरले. उद्घाटनाला अंधशाळेच्या शिक्षिका आल्या. त्यांनाही दिसत नव्हतं. पोपट चाचपता चाचपता त्या पायांपाशी थांबल्या.

"आमच्या घरचा पोपट माझ्या बोटावर बसायचा," त्या म्हणाल्या. "हा करणाऱ्यांनी पोपट कधी पाहिला नाही वाटतं."

संचालकांनी माझ्याकडे पाहिलं.

"हौशी आहेत, मॅडम," मी म्हणालो. "आपलं आपण शिकलेले."

बाबू शेजारीच उभे होते. त्यांनी पोपट पिशवीत घातला, आणि पुन्हा कधी आले नाहीत.

निवृत्त झाल्यावर एकदा मी नामपल्लीहून बस धरून त्यांच्याकडे गेलो. वाटभर वाक्य जुळवत होतो : ते बोट मी चिकटवलं होतं, तुमचं बरोबर होतं, मला माफ करा. त्यांनी चहा पाजला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. चपला घालताना मी एकदाचं तोंड उघडलं.

"बाबूजी, त्या पोपटाचं..."

"हौ, बोला ना साहेब."

"छान झाला होता," मी म्हणालो.