शेवटच्या पानावरचा माणूस

जगूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी पालघरच्या घरी ‘वीजकांत’च्या नव्या पुस्तकाची पानं तपासत होते. वीजकांत म्हणजे आमच्या प्रकाशनाचा महानायक. निळा अंगरखा, छातीवर वीज आणि बुद्धी बेताची. फोन काकांच्या वहिनींचा, पारूमावशींचा होता. “जगू गेला गं बाय,” एवढंच म्हणाल्या आणि मग नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला... मी फोन ठेवला आणि सवयीनं पुढचं पान उलटलं. त्या पानावर वीजकांतचा अंगरखा जांभळा झाला होता. आता हे दाखवायचं कोणाला, असं मनात आलं आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

जगन्नाथ तामोरे मूळचे दातिवऱ्याचे. उमेदीची सगळी वर्षं मात्र बोईसरच्या एका खोलीत काढली, नोकरी तारापूरच्या रंगाच्या कारखान्यात. काम छटा जुळवण्याचं. नवा रंग तयार झाला की त्यात कापडाचा तुकडा बुडवायचा, वाळवायचा आणि कपाटात जपलेल्या मूळ नमुन्याशेजारी धरून खिडकीच्या उजेडात बघायचा. ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. अशा माणसाला वेड कॉमिक्सचं. दर पुस्तकामागे त्यांचं पत्र ठरलेलं, आणि पत्र कसलं, पंचनामाच! चौथ्या पानावर नायकाची हनुवटी चौकोनी, अकराव्यावर गोल. खलनायक शहर बुडवायला निघालाय, पण का, ते त्यालाही ठाऊक नाही. आमच्या कचेरीत ही पत्रं चहाबरोबर मोठ्यानं वाचली जायची. हसणाऱ्यांत मीही होते.

एकदा चिडून मी भांडायलाच बोईसरला गेले. त्यांनी शांतपणे विचारलं, “बाय, एक पुस्तक तुमी तीन चित्रकारांकडून काढून घेता ना?” मी म्हटलं, वेळेत यायला हवं ना काका. “आमचा कारखाना पन वेळेतच माल देतो. पन नमुना कपाटात हाय. तुमच्या वीजकांतचा नमुना कुठं हाय?” नव्हताच. मग चहा गार होईपर्यंत काकाच बोलत राहिले. एका पुस्तकाला एकच हात हवा. गोष्टीतल्या सगळ्या चेहऱ्यांचा एक तक्ता हवा. छापण्याआधी कोणीतरी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत सलग वाचायला हवं. “आनि मेलेल्याला परत आनू नका. तिसऱ्या पुस्तकात तो उठून बसनार असंल, तर वाचनाऱ्यानं रडायचं कशाला?” यातलं काहीच अवघड नव्हतं. तरी एवढ्या वर्षांत आम्ही त्यातलं धड एकही केलं नाही.

निवृत्तीनंतर ते दातिवऱ्याला वहिनींजवळ राहायला गेले. आमच्या मालकांच्या मागे लागून मी त्यांना पानं तपासायचं काम मिळवून दिलं. मग एक दिवस त्यांनी स्वतःच गोष्ट दिली. त्यांचे थोरले भाऊ हिराजी फार वर्षांपूर्वी समुद्रात गेले ते आलेच नाहीत. बरोबरचे परतले, हिरादादांचं शरीरही मिळालं नाही. पारूमावशींनी मात्र कुंकू पुसू दिलं नाही की दिवस करू दिले नाहीत. “तिला वाचता येत नाय, पन चित्र समजतं,” काका म्हणाले. “दादा बुडताना साफ दिसला पायजे. वीजकांत पोचतो, पन उशिरा. माझं ती ऐकत नाय, पुस्तकाचं ऐकंल.” मी शब्द दिला.

काकांच्या हट्टापायी पहिल्यांदाच चेहऱ्यांचा तक्ता झाला, हिरादादांच्या फोटोवरून काढलेल्या चेहऱ्यासह. पहिल्या चित्रकारानं बुडण्याचं पान असं काढलं, की मी ते तीनदा उघडून पाहिलं. मग मालकांना घाई झाली आणि शेवटची पानं दुसऱ्याकडे गेली. पानं काकांकडे पोहोचली ती आषाढात. “चार दिवस थांब, उजेड खरा नाय,” असा निरोप आला. रंगात काय एवढं ठेवलंय, म्हणून मी वैतागून पुस्तक छापायला धाडलं. सलग वाचलंही नाही. वाचलं असतं, तर एका नजरेत कळलं असतं.

पुस्तक घेऊन मीच दातिवऱ्याला गेले. मावशी ओट्यावर बसून पानं उलटू लागल्या. बुडण्याच्या पानावर त्यांचा हात थांबला. चित्रावर तळवा ठेवून त्या हमसून रडल्या आणि काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्या नजरेसाठी मी जन्मभर हे काम केलं असतं. मग शेवटचं पान आलं. किनाऱ्यावर वीजकांतचा जयजयकार चाललेला, आणि गर्दीत दुसऱ्या रांगेत, टोपली खांद्यावर घेऊन, हिरादादा! दुसऱ्या चित्रकाराला तो मेलाय हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्यानं तक्त्यावरचे सगळे चेहरे इमानेइतबारे गर्दीत भरले होते. “ह्यो बघ, आला!” मावशी ओरडल्या. “मी बोलत नव्हते जगू?” काकांनी उठून माझ्यासाठी चहा टाकला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. पुढे पुन्हा छपाई निघाली तेव्हा मालक म्हणाले, गर्दीत कोण बघतंय? पान तसंच राहिलं.

काका गेल्यावर दोन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या खिडकीशी त्याच पुस्तकाच्या प्रतींचा गठ्ठा होता, पालघर, शिरगाव, बोईसर असे स्टॉल पालथे घालून गोळा केलेला. प्रत्येक प्रतीत त्यांनी हिरादादांना समुद्राच्या रंगानं झाकलं होतं. आमच्या छपाईच्या कृपेनं दर प्रतीत समुद्र वेगळा निळा. त्यांनीही दर प्रतीसाठी वेगळा निळा कालवला होता. जागा पाठ असूनही मला ती सापडेना. पान उजेडात तिरकं धरलं, बोट फिरवून पाहिलं... नुसता समुद्र. 

तेवढ्यात मावशींनी तांदळाच्या डब्यातून एक प्रत काढली. “ही मी जगूला दावलीच नाय.” तिच्यात हिरादादा जिथल्या तिथे होते. लेक पालघरला बोलावतेय, पण त्या जाणार नाहीत म्हणाल्या. “मी गेले आनि हा आला तर? घरात आता दुसरं कोन हाय?” संपादक म्हणून जे आधी करायला हवं होतं, ते मी तेव्हा करून पाहिलं. म्हटलं, “मावशी, ती आमची चूक आहे हो. माझी चूक. तो तिथे नकोच होता.”

त्यांनी पान माझ्या डोळ्यांसमोर धरलं. “चूक कशी गं? बघ ना, सदरा कोरडा हाय त्याचा.”