‘तिथून’ म्हणायचं राहिलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या देवळात रोज तोंड दाखवतो त्या देवालाही नाही — त्याला ठाऊक असेल तर असो, मी होऊन बोललो नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही पूर्णगडचे नाही, म्हणून असेल.

गावात मला ‘अमेरिकाकर’ म्हणतात. चेष्टेनंच म्हणतात, पण मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीची गोष्ट. मी मालवाहू बोटीवर खलाशी होतो आणि आमची बोट न्यूयॉर्कला लागली. सारंगानं — म्हणजे आम्हा खलाशांच्या मुकादमानं — मला एक दिवस शहर बघायला सोडलं. त्या दिवसाच्या गोष्टी मी इतक्यांदा सांगितल्या आहेत की पोरंसोरं त्या माझ्या आधी सांगून टाकतात. जमिनीखालून धावणारी गाडी. रस्त्यातल्या भोकांतून निघणारी वाफ, जणू खाली कुणी भात शिजवत बसलंय. आणि ती उंच इमारत. लोखंडी पाळण्यात उभं करून वर नेतात. टोकावरून खाली बघितलं तर उडणाऱ्या पक्ष्यांच्या पाठी दिसत होत्या. आमच्या किल्ल्याच्या तटावरून घारीची पाठ दिसते ना, तशा. हे सगळं खरं आहे, पदरचं काही घातलेलं नाही. एक गोष्ट मात्र मी गाळत आलो.

यशवंता. आमच्या कुंपणापलीकडचं घर त्याचं. माझ्या आधी तो बोटीवर लागला, न्यूयॉर्कला उतरला आणि परत चढलाच नाही. असे बरेच जण तिथं राहून जायचे. मी निघालो तेव्हा त्याची आई — तिला मी काकी म्हणायचो — खळ्यात येऊन म्हणाली, “तिकडं गेलास तर आमच्या यशवंताला बघ रे. दोन वेळ जेवतो काय, एवढा तरी इचार.” त्याची बायको चंद्रावहिनी दाराआड उभी होती. मी दोघींना शब्द दिला.

बरं, त्याला शोधणं अवघड होतं का? मुळीच नाही. धक्क्याला लागून एक गल्ली होती. तिथल्या एका खाणावळीत आपल्याकडचे बोट सोडलेले खलाशी राहतात, हे आमच्या बोटीवरच्या स्वयंपाक्यानं मला डेकवरूनच हात करून दाखवलं होतं. मी म्हटलं, आधी शहर बघू, मग जाऊ.

त्या इमारतीच्या टोकावरून मला ती गल्लीसुद्धा दिसली. मी बराच वेळ तिच्याकडे बघत उभा होतो. मनात काय होतं, सांगू? यशवंता भेटला तर रडेल, घरचं एकेक विचारत बसेल, आणि माझा एकुलता एक दिवस त्याच्या खोलीत जाईल. एवढंच. घाबरलो नव्हतो, आजारी नव्हतो, वाट चुकलो नव्हतो. मला संध्याकाळी दिवे लागलेले बघायचे होते. ते बघितले, आणि धावत बोटीवर आलो. उजाडता उजाडता बोट सुटली.

परतीच्या वाटेवर मी एक खोटं जुळवलं. खाणावळीत जाऊन आलो, पण यशवंता दुसऱ्या शहरात निघून गेलाय, असं सांगायचं. त्यानं कुणाचं काय बिघडणार होतं? आता एक सांगतो. बोटीवर कुणी बोट बदलली की आम्ही नुसतं ‘गेला’ म्हणायचो. गावात तसं बोलत नाहीत. गावात माणूस शेतावर निघाला तरी ‘येतो’ म्हणून निघतो, आणि नुसतं ‘गेला’ एकाच अर्थानं म्हणतात. मला हे ठाऊक नव्हतं, असं नाही. पण खलाशांत राहून राहून जीभ सैल झाली होती.

काकी कोकमांसाठी रातांबे फोडत बसली होती. मला बघून अर्धवट उठली. “गावला काय रे माझा यशवंता?”

“गेला गो काकी तो,” मी म्हणालो.

‘तिथून’ म्हणायचं राहिलं.

तिचे हात रातांब्यांनी लाल झाले होते. ते तसेच तिनं तोंडावर घेतले. चंद्रावहिनी बाहेर आली, सासूकडे बघितलं आणि मटकन खाली बसली. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. मला वेळ होता. खूप वेळ होता. अगो, तसं नव्हे, तिथून गेला म्हणतोय मी — इतकं बोलायला कितीसा दम लागतो? पण मग पुढचे प्रश्न आले असते. कुणी सांगितलं? खाणावळ कशी होती? कोण कोण भेटले? मी उत्तरं जुळवत उभा राहिलो, तेवढ्यात काकीनंच विचारलं, “अग्नी तरी दिला काय रे कुणी?”

“दिला,” मी म्हणालो.

‘गेला’ चुकून तोंडून निघाला. ‘दिला’ चुकून निघाला नाही.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून होते, खाली उतरत नव्हते. भावकीतले एकेक जण पुढं होऊन सांगू लागले — आईला अंतर देणार नाही, बायकोला सांभाळू. कावळा शिवेना. शेवटी मला पुढं केलं, म्हणाले, तू तिथं जाऊन आलायस, तू सांग. मी हात जोडले, डोळे मिटले, आणि मनातल्या मनातसुद्धा खरं बोललो नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. चंद्रावहिनीच्या बांगड्या त्याआधीच फुटल्या होत्या.

काकी दोन पावसाळे काढून गेली. हे ‘गेली’ खरं. मग चंद्रावहिनी अधूनमधून आमच्या पायरीशी येऊन बसू लागली. “भावजी, तिथं समुद्र जवळ हाय काय?” मी म्हणायचो, आहे. “मग बरा.” तिला ते शहर मी थोडंथोडं करून सगळं दिलं — वाफ, पाळणा, दिवे. त्याची चिता मी अशा जागी रचली की जिथून ते दिवे दिसतात. ते ऐकून तिला बरं वाटलं. मला काय वाटलं? मला माझीच भीती वाटली.

तो मेला असेल का? असेलही. कुठंतरी भांडी घासत असेल, आईची आठवण काढत असेल — असंही असेल. त्या दारापर्यंत गेलो असतो तर कळलं असतं. डोळा लागला की ती गल्ली मला वरून दिसते. एक माणूस दारातून बाहेर येतो आणि मान वर करून बघतो. चेहरा दिसत नाही. इतक्या उंचावरून दिसणार कसा?

परवा रत्नागिरीला निघालो. उंबऱ्यात बायको म्हणाली, “येतो म्हणा.” मी म्हणालो, येतो. कुंपणापलीकडं चंद्रावहिनी अंगण झाडत होती. तिनं केरसुणी थांबवली.

“या हां भावजी,” ती म्हणाली.

यशवंता निघाला तेव्हाही ती हेच म्हणाली असेल.