हातात ब्रश असेपर्यंत

जोह्याच्या बालवाडीत मी एका चांगल्या बोलक्या पोरीला न बोलणारी ठरवलं, आणि तिच्या आईला तसं सांगूनही टाकलं.

माझं काम लहान मुलांना बोलतं करण्याचं. पेणच्या एका संस्थेतर्फे गावोगावच्या बालवाड्यांत जायचं, गाणी घ्यायची, गोष्टी सांगायच्या, प्रश्न विचारायचे आणि उत्तराची वाट बघायची. यातलं शेवटचं सोडून सगळं मला येतं. बायको म्हणते, "तुम्ही घरात एकटे असलात तरी कुणाला तरी मध्येच तोडाल."

त्यात मला चित्रांची हौस. भिंतीवर मोठा कागद चिकटवायचा, ब्रश रंगात बुडवायचा आणि काढता काढता विचारायचं, "सांगा बघू, हे काय?" बाकीची पोरं ओरडायची. ही मात्र तोंड घट्ट मिटून ब्रशाकडे बघत बसायची. मी आणखी जवळ जाऊन, तिच्या नाकासमोर ब्रश नाचवत विचारायचो. ती आणखी गप्प.

शेवटी मी तिच्या आईला दारातच गाठलं. "मुलगी बोलत नाही. पनवेलला डॉक्टरला दाखवा."

"घरी बोलते हो सर. कान किटतात आमचे."

"सगळ्याच आया असं म्हणतात," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की अजूनही मला एका जागी बसवत नाही.

शेजारी तिची सासू उभी होती. "बघ गो, शिकलेला माणूस उगाच बोलंल व्हय? तुझ्या माहेरचंच हाय हे." सुनेचा चेहरा उतरला. ऐन सीझनमध्ये, घरच्या कारखान्यात गणपती रंगवायचे पडलेले असताना, शनिवारी पनवेलला जायचं ठरलं.

मी राहतो रोह्याला, पुलापलीकडे अष्टमीत. जित्याच्या स्टेशनवरून गाडी पकडली, पण रोहा येईपर्यंत दाराशी उभाच. आईचा तो चेहरा काही बसू देईना.

शुक्रवारी डॉक्टरचा पत्ता द्यायच्या निमित्ताने मी त्यांच्या घरी गेलो. कारखान्याबाहेर ही पोरगी एका कोंबडीला झापत होती. "ए, तिकडं नाय जायचं! रंग ओला हाय. आजोबा मारतील तुला, मग माझ्याकडं नाय यायचं रडत!"

मग ती आत पळाली, आणि मी तिच्या मागोमाग घुसलो. "अहो, ही तर..."

आईने ओठांवर बोट ठेवलं. सासूने माझा शर्ट मागून खेचला. समोर आजोबा बारीक ब्रशाने गणपतीचे डोळे आखत होते. आखणी चालू असली की या घरात कुणी तोंड उघडत नाही. हात हलला की देव तिरळा. नात भिंतीला टेकून उभी, तोंड घट्ट मिटलेलं, नजर ब्रशावर. अगदी माझ्या वर्गातल्यासारखी.

मला गप्प उभं राहणं म्हणजे मुंग्यांच्या वारुळावर उभं राहणं. मी पाय बदलले, मान खाजवली, खोकलो. आजोबांनी नुसतं वळून बघितलं.

मग त्यांनी ब्रश पाण्यात ठेवला, आणि पोरीचा नळ सुटला. "आजोबा, हा कुणाचा? दुसरा डोळा कधी? याचा उंदीर कुठं गेला?"

बाकीच्या पोरांची घरं शेतीची, नाहीतर नुसत्या साच्यातून मूर्ती काढणाऱ्यांची. तिथं हवं तितकं ओरडा. आणि हिच्यासमोर मी इतके दिवस ब्रश नाचवत "बोल, बोल" करत होतो!

"ताई, उद्या पनवेल राहू दे. तुम्हीच बालवाडीत या."

"तुमचं एकदा काय ते ठरवा सर," ती म्हणाली. ते बरोबरच होतं.

शनिवारी आई बालवाडीच्या खिडकीशी उभी राहिली, मागे सासू. मी हत्ती काढला. "हे काय?" विचारलं, आणि ब्रश पाण्याच्या डब्यात ठेवून खाली बसलो. दोन्ही हात मांडीखाली दाबले. पोरगी डब्याकडे बघते, माझ्याकडे बघते, कागदाकडे बघते. माझा पाय थडथड उडतोय. उत्तर जिभेच्या टोकावर आलं, मी गिळलं. परत आलं, परत गिळलं. खिडकीच्या गजावर आईच्या बोटांची पकड घट्ट झालेली.

पोरगी उठली. कागदाजवळ गेली, चित्रावर बोट ठेवलं आणि खिडकीकडे वळून सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"आई गो, या सरांना सोंडपण काढता येत नाय!"