रद्द झालेली फुंकर

दगड घासणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांवर इस्पितळात वीस वर्षं संशोधन चाललं होतं, आणि श्वास मोजायच्या खोलीत चाचण्या घ्यायला ती पहिल्या दिवसापासून होती. कामगार तिला फुंकरताई म्हणत. एरवी तिचं बोलणं शेजारच्या टेबलालाही ऐकू जात नसे, पण माणसाने नळी तोंडात धरली की ती खेकसायची, "फुंका, फुंका, अजून, सोडू नका!"

तिचे वडील या अभ्यासातले सतरा नंबर. पहिल्याच चाचणीला लेक अशी अंगावर आली आणि त्यांना फुंकता फुंकता हसू फुटलं. यंत्राने कागदावर काढलेल्या उतरत्या रेषेला मधेच करवतीसारखे दाते आले. "घरी तुझी आई, इथे तू," ते म्हणाले. "माणसाने श्वास घ्यावा तरी कुठे?"

तिने रागारागाने कागदावर 'रद्द' लिहिलं. रद्द कागदही फाइलीतच ठेवायचा, असा नियम. पुढच्या वर्षी त्यांच्यात हसण्याइतका दम नव्हता. त्याच्या पुढच्या वर्षी ते नव्हते. घरी त्यांचा फोटो होता एकच, ओळखपत्रासाठी काढलेला, ओठ मिटलेला.

आता अभ्यास संपला होता आणि शुक्रवारी जुने कागद यंत्रात घालून त्यांचा भुगा करायचा होता. तिने मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे तो एक कागद मागितला. बाईंनी चष्मा काढला. कुणाचाही कागद बाहेर जाणार नाही, असा शब्द देऊन आपण माणसं गोळा केली, त्या म्हणाल्या. तो शब्द प्रत्येकाला वाचून दाखवायचं काम तिचंच होतं. वडिलांनाही तिनेच दाखवला होता. मग भांडणार कोणत्या तोंडाने?

"आज बघून घे," बाई हळूच म्हणाल्या. "दार लोटून घे."

ती बराच वेळ त्या दात्यांवरून बोट फिरवत बसली. सात होते. शुक्रवारी तिने तो कागद स्वतःच्या हाताने यंत्रात सरकवला.

सोमवारी रंगकामगारांचा नवा अभ्यास सुरू झाला. माणसं यायच्या आधी यंत्र बरोबर चालतंय ना, हे रोज तिनेच फुंकून बघायचं असे. तिने नळी तोंडात धरली. फुंकता फुंकता वडिलांचं ते वाक्य आठवलं, मुद्दाम आठवलं, आणि हसू येतंय का याची तिने वाट पाहिली.

रेषा गुळगुळीत खाली आली. कुठे एक दाता नाही.

तिने तारीख घातली, 'योग्य' लिहिलं, आणि पेन कागदावरून उचलायला तिला जरा वेळ लागला.