कुलपातलं भजन

मोठीमाय बसून कधी भांडली नाही. भांडण सुरू झालं की ती उठायची, पदर खोचायची आणि समोरच्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहायची. अमडापुरातले दुकानदार तिला लांबून ओळखत. ती माझी थोरली काकू, पण आम्ही सगळी भावंडं तिला मोठीमायच म्हणत असू.

तिचं एकच म्हणणं असे, "तुह्या दुकानात होतं तवा तुहं. पैसे देऊन घरी आणलं, आता माहं." म्हणूनच बीटी कपाशी आली तेव्हा तिचा पहिला खटका बियाणेवाल्याशी उडाला. घरची सरकी लावली तर पीक धड येणार नाही, दरवर्षी नवं पाकीट घ्या, असं तो सांगत होता. तिने ऐकलं नाही. झाडं कुठे गुडघ्याएवढी, कुठे कमरेएवढी आली आणि बोंडं तुरळकच धरली. ती पुन्हा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "माह्या वावरात पिकलं, मंग माहं काऊन नाही?" तो पाकिटं रचत राहिला.

मोठेबाबा, म्हणजे माझे थोरले काका, अगदी उलट. दिवसभरात चार शब्द बोलतील तर शपथ. भजनात मात्र त्यांचा आवाज देवळाबाहेर रस्त्यापर्यंत यायचा. एका वर्षी शहरातली एक कंपनी येऊन गावच्या भजनी मंडळाचं चित्रीकरण करून गेली. मंडळाच्या हातात नारळ ठेवला आणि डीव्हीडी बाजारात आणली. आपल्याच नवऱ्याचं भजन मोठीमायने चिखलीच्या दुकानातून विकत आणलं. दिवाळीला ती डीव्हीडी लावली की मोठेबाबा लाजून ओसरीवर जाऊन बसत.

पुढे बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या वर्षी फवारणी करता करता ते वावरातच कोसळले. औषध अंगात भिनलं होतं. बुलढाण्याच्या दवाखान्यातून ते परत आले नाहीत. घरात त्यांचा एकच फोटो, लग्नातला, ताठ बसलेला. हलणारे, गाणारे मोठेबाबा तेवढे त्या डीव्हीडीत उरले.

त्यांची मुलगी मंदाताई साखरखेर्ड्याला दिलेली. तिलाही त्या डीव्हीडीची एक प्रत हवी होती. मोठीमाय मला घेऊन चिखलीच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेली. त्याने खटपट केली, पण नवी डिस्क कोरीच निघाली.

"मावशी, कंपनीनं याले लॉक लावलं. कॉपी होत नाही."

"काऊन लावलं?"

"चोरी होऊ नये म्हणून."

"गाणारा माहा नवरा, इकत आणली म्या, अन् चोरटी बी मीच?" ती म्हणाली.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की कॉपीची परवानगी नाही, नवीन घ्यावी लागेल. कुठे मिळेल, विचारलं. "मॅडम, ती आता बंद झाली." मोठीमायने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "बाई, तू बी देत नाही, मले बी करू देत नाही. मंग माह्या माणसानं पुन्हा एकदा मरावं का?" पलीकडून फोन ठेवला गेला.

डीव्हीडी खराब होत चालली होती. ऐन भजनात चित्र अडकायचं आणि मोठेबाबा तोंड उघडं ठेवून थांबून राहायचे. शेवटी मोठीमायने मंदाताईला पोरांसकट बोलावून घेतलं, खिडकीला गोधडी लावली आणि मला टीव्हीसमोर मोबाइल धरायला लावला. जसं जमलं तसं उतरवलं. चित्रावर रेघा आहेत, आवाज फाटका आहे, आणि भजन रंगात आलेलं असताना मधेच मोठीमाय ओरडते, "चूप बसा बे पोट्टेहो, तुमचे आजोबा गाऊन राह्यले."

मोठीमायही गेली. लांबच्या नातेवाइकांना बघता यावं म्हणून मी ते चित्रीकरण इंटरनेटवर टाकलं. दुसऱ्याच दिवशी ते काढून टाकलेलं. खाली सूचना होती, याचे हक्क दुसऱ्याकडे आहेत. विकायला कंपनीकडे डीव्हीडी नाही, ऐकून घ्यायला माणूस नाही, पण एका मेलेल्या माणसाचं भजन पुसायला मात्र कुणीतरी जागं होतं. अजून आठवलं की माझं डोकं भणभणतं.

तेव्हापासून मी ते मागेल त्याला फोनवर पाठवते, न मागणाऱ्यालाही पाठवते. आता पुसायचंच असेल तर कंपनीने अमडापुरात यावं आणि घरोघर फिरून पुसावं.