सहा वारांची झालर

एकोणीसशे त्रेपन्न साली कोपरीतल्या त्या चाळीत ज्याला म्हणून कडा होती, त्याला झालर होती. उशीला झालर, रेडिओवरच्या कापडाला झालर, गौरीच्या मखराला झालर. एका हौशी बिऱ्हाडात तर पाण्याच्या माठावरच्या फडक्यालासुद्धा. बोलण्यालाही ती लागे. कुणी हकीकत कोरडी सांगितली की म्हणायचं, "जरा झालर लावून सांगा की," आणि फारच गोड बोलू लागला की, "झालर पुरे, कापड दाखवा."

बोलण्यातली सोडली तर बाकी सगळ्या झालरी कोपऱ्यातल्या खोलीतल्या आवडाबाईंच्या. नवरा मागे फक्त एक हातमशीन ठेवून गेला होता. पोलकी-परकर बायका घरीच शिवत, पुरुषांचे सदरे शिंप्याकडे जात. उरली झालर, आणि तिच्यावर आवडाबाईंची चूल पेटे. ती कशी होते ते त्यांनी कुणाला दाखवलं नव्हतं. दार लोटून शिवायच्या.

श्रावणात सुमतीवहिनींच्या नातवाचं बारसं निघालं. पाळण्यासाठी वहिनींनी गुलाबी वायलची सहा वार पट्टी दिली. बारशाच्या सकाळी झालर आली, आणि वहिनींचे सासरे अण्णा टेप घेऊन बसले. अण्णा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. जेवायला बसतानाही दोन पाटांमधलं अंतर डोळ्यांनी मोजून घेत. झालर भरली तीन वार.

"सहा दिलं, तीन आलं," अण्णा शांतपणे म्हणाले. "बाकीचं?"

"चुण्यांत गेलं, अण्णा. चुणी कापड खाते."

"चुणी खाते, की दुसरं कुणी?"

बारशाच्या तयारीला जमलेल्या बायका हसल्या. कुणाला आपलं रेडिओचं कापड आठवलं, कुणाला उशीचं. मागच्या गौरीपासूनची सगळी वायल एकदम आवडाबाईंच्या ट्रंकेत जाऊन पडली. आवडाबाईंना कळलं की हा डाग आत्ता धुतला नाही, तर उद्यापासून चिंधीसुद्धा कुणी हातात देणार नाही. त्यांनी सुमतीवहिनींकडे पाहिलं. वहिनी घुगऱ्यांचे हरभरे निवडत होत्या.

"उसवून दाखवते," आवडाबाई म्हणाल्या.

ओटीवर सगळ्यांच्या मधोमध बसून त्यांनी ब्लेडने वरची पट्टी सोडवली. मग धावदोऱ्याचं टोक चिमटीत धरून ओढलं. रात्रभर बसून घातलेल्या चुण्या घटकेत गेल्या आणि कापड सरळ होऊन लांबत लांबत दाराबाहेर गेलं. अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा टेप लावली. सहा वार. वर दोन बोटं.

"भरलं," अण्णा म्हणाले, आणि टेप गुंडाळली.

चुकलं असं कुणी म्हणालं नाही. बायका कापडाकडे पाहत नव्हत्याच. आवडाबाईंच्या हातातल्या दोऱ्याकडे पाहत होत्या.

"अगंबाई," सुमतीवहिनी म्हणाल्या, "नुसता दोरा घालून ओढायचं? एवढंच?"

"एवढंच," आवडाबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

बारसं चारला होतं. त्यांनी दुपारपर्यंत झालर पुन्हा शिवून पाळण्याला लावली. बाळाचं नाव सुधीर ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, सगळ्यांनी झालरीचं कौतुक केलं.

गौरी आल्या तेव्हा मखरामखराला झालरी होत्या. कुठे चुण्यांची गर्दी, कुठे अगदी ओसाड, पण घरच्या. आवडाबाईंकडे एकही पट्टी आली नाही. सणाच्या आदल्या दिवशी मात्र सुमतीवहिनी आपली झालर घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"आमच्या चुण्या सारख्या येत नाहीत हो. जरा दाखवता? म्हटलं, तुमच्यासारखं इमानी माणूस दुसरं आहे कोण."

आवडाबाईंनी त्यांना पाट दिला आणि दाखवलं. दोरा ओढताना कापड डाव्या अंगठ्याखाली दाबून ठेवायचं, हेसुद्धा.

दसऱ्याच्या आत कल्याणचा भाऊ येऊन त्यांना आणि मशीनला घेऊन गेला. भावजयीने मशीन ठेवून घेतलं, आणि आवडाबाईंना भांडी घासायला दिली.