मामाच्या कानातला दडा

आमच्या भागात माणसाचा पाय मोडला तर लोक हळहळतात. कान बिघडला तर त्यांना उकळ्या फुटतात. "सांगत हुतो का न्हाई? त्ये डबडं कानाला लावून बसू नगं!" हे वाक्य मी मागच्या थंडीपासून इतक्या तोंडांतून ऐकलंय, की माणूस दारातून आत येतानाच मला कळतं हा काय बोलणार. आणि ऐकलं तेही अर्धंच, कारण माझ्या दोन्ही कानांत दडे बसले होते.

दुखत नव्हतं, हे आधी सांगतो. दुखलं असतं तर निदान थोडी किंमत राहिली असती. एसटी घाट चढायला लागली की कान भरतात आणि आवंढा गिळला की टक् करून सुटतात, तसंच ते. फक्त माझे भरले ते सुटेचनात. बोललो की माझाच आवाज टाळक्यात घुमायचा, आणि समोरचा माणूस रांजणात तोंड घालून बोलतोय असं वाटायचं. बायको म्हणाली, "माझं बोलणं तुम्हांला आधी तरी कुठं ऐकू यायचं?" तिचं एक सोडून देऊ.

डबडं म्हणजे माझे हेडफोन. कान पूर्ण झाकणारे, बाहेरचा गोंगाट मारायचं बटण असलेले. माझ्या भाचीनं पहिल्या पगारातून घेऊन दिलेले. माझी थोरली बहीण, आमची आक्का, मांडवगण फराट्याला दिलेली. पोर लहान असतानाच दाजी गेले. तेव्हापासून भाचीची शाळा, तिची आजारपणं, रुसवेफुगवे, निम्मं सगळं न्हावऱ्याला माझ्याच घरात झालं. एमायडीसीत नोकरी लागली तशी हे खोकं घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही लोकांवर लई चिडता. हे घाला आन् तुमचं गाणं ऐकत बसा." पोरीनं दुखणं बरोबर ओळखलं होतं.

चिडतो, हे खरंय. चिडू नको तर काय करू? शिरूरला तहसीलच्या बाजूला माझं झेरॉक्सचं दुकान. दिवसभर मशीनची घरघर, आणि तिच्यापुढं आमची जनता. हातभर अंतरावर उभी असलेली दोन माणसं अशी बोलतात, जणू एक घोडनदीच्या अल्याड आणि दुसरा पल्याड. फोन आला की स्पीकरवर टाकायचा आणि पुढाऱ्यासारखा तोंडापुढं धरायचा. मला कुणी नावानं हाक मारत नाही. "ओ झेरॉक्स!" म्हणतात. रस्त्यावरून जाणाऱ्या टेम्पोलाही कुणी इतक्या तुच्छतेनं हाक मारत नसेल.

घरी जावं तर न्हावऱ्यात आमचं घर रस्त्याला. कारखाना चालू झाला की उसाचे ट्रॅक्टर. मागं दोन ट्रेलर, पुढं बोनेटपेक्षा मोठे भोंगे, आणि त्यांत एकच गाणं, त्याला सूर नाही आणि ताल म्हणजे नुसती धडकी. एकदा एक ड्रायव्हर आमच्या दारात पाणी मागायला थांबला. त्याच्या कानांत कापसाचे बोळे! म्हटलं, "अरे, तुलाच सोसत नाही तर लावतो कशाला?" तर म्हणतो, "लोकांला आवडतंय की, मामा." धन्य तो ड्रायव्हर आणि धन्य ते लोक.

म्हणून मी सकाळी दुकानाचं शटर उचललं की हेडफोन चढवायचो, ते रात्री जेवायला बसतानाच उतरायचे. सनई, सारंगी, जुन्या बायांचं दमदार गाणं. बटण दाबलं की तहसील नाहीसं व्हायचं. बटणानं कान थोडे आत ओढल्यासारखे वाटायचे, पण मी म्हणायचो, ओढू दे. ओढता ओढता दडे बसले.

मग सुरू झाले उपाय. शेजारचे आबा कढत तेलात लसूण जाळून वाटी घेऊन आले. एक गिऱ्हाईक म्हणालं कांद्याचा रस. दुसरं म्हणालं ओव्याची धुरी, तीही नळीतून थेट कानात. आठवडे बाजारात कान कोरणारा बसतो, त्यानं न विचारताच माझा कान पकडला, आत काडी घातली आणि काहीतरी काळं काढून दाखवलं. ते माझ्या कानातलं नव्हतं, त्याच्या बोटांतलं होतं, एवढं मला कमी ऐकू येत असलं तरी दिसत होतं. आबांचं तेल मात्र मी घालून घेतलं, कारण आबांना नाही म्हटलं की ते पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगतात. परिणाम एवढाच की उशी तेलकट झाली आणि बायको बोलायची बंद झाली. ते दोन दिवस बरे गेले.

शेवटी भाचीच मला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कान बॅटरी लावून पाहिले आणि म्हणाल्या, पडदा छान आहे. नाकातून कानाकडं जाणारी बारीक नळी असते, ती तुमच्या सर्दीनं सुजलीय, त्यात दिवसभर कानांवर हे झाकण, आणि ते बटण दाबलं की काहींना असा दाब जास्तच जाणवतो. बटण बंद ठेवा. संध्याकाळी थोडा वेळ ऐका, हळू आवाजात. वाफ घ्या, काहीतरी चघळा, जांभया द्या. कानात तेलाचा थेंब घालायचा नाही. आणि डीजेपासून लांब राहा.

मी हसलोच. म्हटलं, "मॅडम, तुम्ही बदलून आलाय का ह्या तालुक्यात?"

पण केलं सगळं. दिवसभर बडीशेप चघळत बसायचो. गिऱ्हाइकाच्या तोंडावर जांभई द्यायची डॉक्टरी परवानगीच मिळाली होती, तो उपाय मी अगदी मनापासून केला. हेडफोन दुकानात खिळ्याला टांगलेले असायचे आणि मी उघड्या कानांनी जगाची बडबड सोसायचो. दाब थोडा कमी व्हायचा, पुन्हा भरायचा. त्या सुटल्याच्या टक् आवाजासाठी मी किती वेळा नाक धरून आवंढा गिळला, ते माझं मलाच माहीत.

अशातच भाचीचं लग्न ठरलं. मुलगा दौंडचा, माणूस चांगला, पण माणसं हौशी. कार्यालय दौंडच्या अलीकडं रस्त्यालाच. भाची मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, डीजे हाय. मी नको म्हणलं तर सगळी माझ्यावरच उलटली. तुम्ही लांब बसा. पण मला बोहल्यावर न्यायला तुम्हीच पाहिजे. दुसरं कुणी आलं तर मी उठणार न्हाई."

आमच्यात मुलीला आतल्या खोलीतून मामानंच आणायचं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्यामागं उभं राहायचं. बाप असलेल्या मुलीला तो एक मान असतो. हिला बापच नाही. एवढ्या मोठ्या गर्दीत हिच्यामागं हक्काचं उभं राहणारं मी सोडून कोण होतं? म्हटलं, "बाई, बहिरा झालो तरी येईन." तिला म्हटलं खरं, पण तेव्हापासून मला एकच धास्ती. हाक मारतील आणि मला ऐकू येणार नाही.

आणि टपून बसलेला माणूसही होता. भाचीचा चुलता. दाजी गेल्यावर दहाव्याला चहा पिऊन गेला तो लग्नाची पत्रिका छापायच्या वेळी उगवला. त्याला पुढं कसलीतरी उमेदवारी पाहिजे होती, म्हणून लग्नाला कुणी साहेब आणायचे होते. हे साहेब लग्नात येतात, फेटा बांधून घेतात, वधूवरांना सोडून बाकी सगळ्या विषयांवर बोलतात आणि न जेवता जातात. चुलत्याच्या मते पोरीच्या आयुष्यात ह्याहून मोठं काही घडणार नव्हतं.

लग्नाच्या दिवशी नवरदेवाचा परण्या मिरवत मारुतीच्या पाया पडून आला, तो डीजेसकट. भिंतीएवढे स्पीकर. माझ्या डोक्याला फेटा बांधला तोही कान दाबून, आणि छातीत धडधड, आणि कानांत दडे टम्म. घेरी यायची वेळ आली. मी चुलत्याला गाठून सांगितलं, "मी मागं स्वयंपाकाकडं बसतो. वेळ झाली की माणूस पाठवा." तो म्हणाला, "व्हय व्हय, तुम्ही निवांत बसा." तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. तो मला आयुष्यात पहिल्यांदा निवांत बस म्हणत होता.

कार्यालयाच्या मागं आचाऱ्यांच्या भट्ट्यांपाशी कांद्याच्या पोत्यांवर बसलो. तिथंही पोत्याला हादरे. मग काय करता? पिशवीतून हेडफोन काढले, फेटा वर सरकवला आणि डॉक्टरीणबाईंची माफी मागून ते बटण दाबलं. सनई लावली, अगदी हळू. आचाऱ्यानं चवीला म्हणून गरम जिलबीचा तुकडा हातावर ठेवला. तो चावून गिळला, आणि टक्.

सुटला की हो कान! आधी उजवा, मग डावा. थंडीपासून जे ऐकलं नव्हतं ते सगळं एकदम आत आलं. सनईवाल्यानं श्वास कुठं घेतला तेसुद्धा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? वाटलं, एवढा एक राग संपू दे. माणूस येणारच आहे बोलवायला. मी डोळे मिटले.

माणूस कुठून येतोय! पुढं डीजे केव्हाच थांबला होता. साहेबांचं भाषण झालं होतं. माईकवरून "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" ही हाक पुन्हा पुन्हा झाली, मामाचा पत्ता नाही. लोक हसायला लागले. हे मला आक्कानं नंतर सांगितलं. मग चुलत्यानं माईक घेतला आणि जाहीर केलं, की मामांची तब्येत बरी नाही, तेव्हा आपल्या लेकीला आज साहेब स्वतः बोहल्यावर आणतील. टाळ्या! फोटोवाले खोलीच्या दाराशी धावले. आक्का कोपऱ्यात उभी राहून रडत होती आणि तिला विचारायला कुणाला वेळ नव्हता.

मला ह्यातलं काही माहीत नाही. मी आपला सनईत. कुणीतरी कानावरून हेडफोन उचलले म्हणून डोळे उघडले, तर समोर भाची. अंगावर शालू, डोक्याला मुंडावळ्या, पायांत चप्पल नाही, आणि कांद्याच्या टरफलांत उभी. तिच्यामागं साहेब, साहेबांमागं चुलता, त्याच्यामागं फोटोवाले, आणि भांडी घासणाऱ्या बायासुद्धा हात थांबवून बघत होत्या. सगळीकडं चिडीचूप. इतक्या गर्दीला इतकं गप्प मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

चुलता म्हणाला, "अगं, साहेब थांबल्यात. असं शोभतं का?"

तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. माझा हात धरला आणि म्हणाली, "मामा, उठा. तुम्ही न्हाई आला, मग मीच न्यायला आले."

असं आमच्या पाहुण्यांत कधी झालं नव्हतं. मामा नवरीला आणतो. नवरीनं मामाला आणला, तोही पाकशाळेतून, सगळ्या मांडवादेखत. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसा म्हणावं. मी बोहल्यामागं उभा राहिलो, फेटा वाकडा, हेडफोन गळ्यात तसेच. साहेब पहिल्या खुर्चीवर बसून घड्याळ बघत होते. चुलत्याचं पडलेलं तोंड तर मला जिलबीपेक्षा गोड लागलं.

शेवटचं सावधान झालं, आणि नवऱ्याकडच्या हौशी माणसांनी बोहल्याच्या पायथ्याशीच फटाक्यांची माळ लावली. वर डीजे. दोन्ही कान पुन्हा गच्च भरले, ते आजतागायत पुरते सुटलेले नाहीत. वाफ चालू आहे, बडीशेप चालू आहे, संध्याकाळी थोडा वेळ हळू आवाजात सनई चालू आहे. आबा अजून तेलाची वाटी घेऊन येतात. दुकानात गिऱ्हाइकं चुकचुकतात, म्हणतात कान सुटला होता तेव्हा जपायला पाहिजे होता.

कशासाठी जपायचा? सुटलेल्या कानांनी मी माणसाचं ऐकण्यासारखं एकच वाक्य ऐकलं, "मीच न्यायला आले." त्यानंतर काय ऐकायचं राहिलं होतं, साहेबांचं भाषण?